बंदिशाळेत नांदणारे किण्व

सिकंदराबादेत 1897 साली रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरभित्तीत हिवतापाचा परोपजीवी दिसला, तेव्हापासून वैद्यकाच्या इतिहासात हैदराबादचे नाव कायमचे दाखल झाले. परंतु याच शहरात उप्पल येथील सी.डी.एफ.डी. या संस्थेत डॉ. रूपिंदर कौर आणि त्यांचे सहकारी ज्या रोगकारक जीवाच्या मागे गेली अनेक वर्षे लागले आहेत, त्याला आपल्या देहात शिरण्यास डासाच्या मध्यस्थीची गरज पडत नाही. बहुधा तो आपल्या आतड्यांत व मुखात निरुपद्रवी रयत म्हणून आधीपासूनच वस्ती करून असतो. त्याचे नाव कॅन्डिडा ग्लॅब्राटा.

हे एकपेशीय किण्व, म्हणजेच यीस्ट, नावाने कॅन्डिडा अल्बिकन्सचे भावंड वाटत असले, तरी त्याचे खरे सगोत्र पाव फुगवणारे किण्व होय, आणि म्हणूनच शास्त्रज्ञ त्याला आता नाकासिओमायसीस या निराळ्या प्रजातीत घालू लागले आहेत. तान्ह्या मुलांच्या जिभेवर पांढरा थर आणणारे अल्बिकन्स प्रसंग पाहून लांब तंतू फेकते आणि ऊतींना भेदून आत घुसते. ग्लॅब्राटापाशी हे शस्त्र नाही, ते आकाराने लहान व वाटोळेच राहते.

मधुमेहाने अथवा वार्धक्याने दुर्बळ झालेला, प्रतिजैविकांच्या दीर्घ सेवनाने आतड्यातील उपकारक जीवाणू गमावलेला आणि अतिदक्षता विभागात शिरेतील नलिकेच्या आधारावर पडून असलेला रोगी सापडला, की हा जीव रक्तात उतरतो, नलिकेच्या पृष्ठभागास चिकटून थर धरतो आणि तेथून दूरदूरच्या अवयवांत पसरतो; ताप मात्र इतर कोणत्याही जंतुदोषासारखाच दिसत असल्याने निदान पुष्कळदा उशिरा होते.

रक्तात वा ऊतीत सापडलेल्या परक्या जीवास गिळून, आम्लाने व विकरांनी त्याचा निकाल लावणे हे महाभक्षी पेशींचे काम. अल्बिकन्स गिळले गेल्यावर तंतू वाढवून पेशी फोडून निसटते. ग्लॅब्राटा मात्र तिच्या उदरात, आम्लता पुरेशी वाढू न देता, कैदी बंदिशाळेलाच आपली जहागीर करून बसावा तसे मुक्काम ठोकते आणि तेथेच आपली संख्या वाढवते. हे त्यास कसे साधते याचा शोध घेण्यासाठी कौर यांच्या प्रयोगशाळेने 18,350 उत्परिवर्तित वाण मानवी भक्षक पेशींच्या कसोटीस लावले. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, तगून राहण्यास अथवा वाढण्यास आवश्यक अशी 56 जनुके हाती आली, आणि आत शिरताच हे किण्व आपल्या डीएनएच्या प्रथिनमय वेष्टनाची घडी बदलून घेते, असेही निदर्शनास आले.

त्यापूर्वी, 2007 साली, कौर व त्यांच्या अमेरिकेतील सहकाऱ्यांनी या जीवाच्या पृष्ठभागावर खिळलेल्या अकरा प्रथिनभंजक विकरांचे, म्हणजे यॅप्सिनांचे, माहात्म्य उघड केले होते: ही विकरे काढून टाकलेला वाण भक्षक पेशीत नीट तगत नाही व उंदरांतही त्याची रोगकारकता घटते. पुढे असेही आढळले, की हीच विकरे भक्षक पेशीने दिलेली धोक्याची दाहजनक हाकाटी दाबून ठेवतात, त्यामुळे कुमक वेळेवर येत नाही. सारांश, या जीवाचे सामर्थ्य आघातापेक्षा सोशिकतेत अधिक आहे.

ह्या सोशिकतेची झळ दवाखान्यातही लागते. फ्लुकोनाझोल हे सर्रास वापरले जाणारे औषध पेशीबाहेर उपसून टाकणारे पंप या किण्वापाशी आहेत, त्यामुळे त्याची मात्रा पुष्कळदा लागू पडत नाही आणि पेशीभित्तीवर घाव घालणाऱ्या इकायनोकॅन्डिन औषधांकडे वळावे लागते. त्यांनाही न जुमानणारे वाण आता आढळू लागले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली रोगकारक बुरशींची जी यादी प्रसिद्ध केली, तीत ग्लॅब्राटास उच्च प्राधान्याच्या गटात स्थान मिळाले आहे. आपल्या देशातील अतिदक्षता विभागांत कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिसचा आढळ अधिक असला, तरी रक्ताच्या तपासणीत नुसते ‘किण्व’ आढळल्याचा अहवाल चिकित्सकास पुरेसा नाही. त्याची जात कोणती आणि कोणते औषध त्यास बाधते, ह्याची नोंद हाती येईपर्यंत उपचाराची दिशा अंदाजावरच ठरवावी लागते.