तापी जिथे संपते, तिथून पुढे

खानदेशातून समुद्र दिसत नाही. म्हणून सागरी परिसंस्थेचे प्रश्न किनाऱ्यावरच्या लोकांचे, असा समज आपल्याकडे सहज रुजतो. परंतु मुलताईजवळ उगम पावलेली तापी ७२४ किलोमीटर वाहत जाऊन सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. वाटेत वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा तिला मिळतात. त्यामुळे रावेर-यावलच्या केळीबागांचे आणि जळगाव-धुळ्याच्या सांडपाण्याचे नाते समुद्राशी आहेच.

पिकाने न शोषलेले नत्र आणि स्फुरद पावसाबरोबर नदीत उतरतात. १९७२ साली पूर्ण झालेल्या उकाई धरणात गाळ अडतो आणि मुखाकडच्या खाडीला तो कमी मिळू लागतो. विरघळलेले क्षार मात्र भिंतीने तसे अडत नाहीत. अशा पोषकद्रव्यांनी शैवाल माजते, मरते आणि त्याचे विघटन करणारे जिवाणू पाण्यातील प्राणवायू संपवतात. अरबी समुद्राच्या मध्यम खोलीवर प्राणवायू अत्यल्प असलेला विस्तीर्ण थर मुळातच आहे. तो तापीने निर्माण केलेला नाही. पण अशा समुद्राला जादा पोषकद्रव्यांचा भार सोसणे अधिक कठीण जाते. त्यातच पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो.

दुसरे संकट रासायनिक आहे. मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे एक चतुर्थांश भाग सागर शोषून घेतो. त्यामुळे पृष्ठजलाचा सामू औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या सुमारे ८.२ वरून ८.१ च्या आसपास आला. फरक किरकोळ वाटेल. पण ही मोजपट्टी लॉगरिदमी असल्याने हायड्रोजन आयनांचे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे कार्बोनेट आयन घटतात, आणि शिंपले व प्रवाळ यांना कवच वा सांगाडा घडवणे अवघड होते. १९८७ साली सागरी अभयारण्य घोषित झालेल्या मालवणच्या प्रवाळांवर तापमानवाढीचाही ताण आहे. पाणी फार तापले की प्रवाळ आपल्यातील सहजीवी शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात.

तिसरे संकट अतिमासेमारीचे. पालघर जिल्ह्यातील सातपाटी पापलेटसाठी प्रसिद्ध आहे. २०२३ मध्ये पापलेटला राज्यमाशाचा दर्जा मिळाला. बारीक आसाच्या जाळ्यात पिल्ले सापडली, तर ती एकदाही अंडी न घालता संपतात. पुढची पिढी घटते. त्याची झळ प्रथम लहान होडीवाल्या कोळ्याला आणि टोपली घेऊन बाजारात बसणाऱ्या कोळिणीला लागते. ज्यांच्या हातून समुद्राची हानी सर्वांत कमी झाली, त्यांनाच ती सर्वाधिक भोगावी लागते, हा प्रश्न जीवशास्त्राइतकाच न्यायाचाही आहे.

अभ्यासाची सुरुवात आपल्याच नदीपासून करता येईल. शहराच्या वरच्या आणि खालच्या बाजूने पाण्याचे नमुने घ्या; विंकलर पद्धतीने विद्राव्य प्राणवायू मोजा; पावसाळ्यापूर्वी आणि नंतर नोंदी ठेवा. दोन आकड्यांमधील तफावतीत, नदी आपल्याकडून समुद्राकडे काय घेऊन जाते याचा पहिला पुरावा तुमच्या वहीत येईल.