वाटा राखणारं गाव

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वताच्या कुशीत क्रेस्टेड ब्यूट नावाचं गाव आहे. उंची सुमारे २७०० मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटरचं. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावरून आणखी हजार मीटर चढावं, तेव्हा कुठे या गावाच्या बाजारपेठेची उंची गाठता येईल. कायमची वस्ती जेमतेम सोळाशेच्या घरात. एल्क अ‍ॅव्हेन्यू हा मुख्य रस्ता, त्याच्या दुतर्फा रंगवलेली जुनी लाकडी दुकानं आणि दुकानांपुढे टेकवून ठेवलेल्या सायकली. गावाला चहूबाजूंनी डोंगर आणि त्या डोंगरांत शेकडो किलोमीटरच्या पायवाटा. डोंगरात सायकल चालवण्याचा खेळ जगात ज्या मोजक्या ठिकाणी जन्मला, त्यांत या गावाचं नाव घेतलं जातं. तेवढ्यावरही त्याच्याविषयी लिहिता आलं असतं. पण मला त्याचं मोठेपण दुसऱ्या गोष्टीत वाटतं. वाटेवर कुणी, कधी आणि कसं जायचं, हे या गावाने बसून ठरवलं, आणि ठरवल्यावर ते पाळण्यासाठी हातात कुदळी-फावडी घेतली.

या वाटा मुळात कुणाच्या? १८८० मध्ये क्रेस्टेड ब्यूटला नगराचा दर्जा मिळाला आणि पुढच्याच वर्षी अरुंद रुळांवरची आगगाडी इथवर पोचली. आसपासच्या डोंगरांत चांदी शोधणाऱ्यांची झुंबड उडाली होती. खुद्द गावाच्या जमिनीखाली मात्र कोळसा होता. १८९३ मध्ये चांदीचे भाव कोसळले आणि शेजारच्या खाणवस्त्या ओस पडल्या. हे गाव कोळशावर तगलं. क्रोएशिया आणि स्लोव्हेनियाकडून आलेली कुटुंबं इथल्या खाणींत पिढ्यान्‌पिढ्या राबली. २४ जानेवारी १८८४ या दिवशी जोकरव्हिल खाणीत स्फोट होऊन साठेक कामगार दगावले. त्यांची सामूहिक कबर गावाच्या दफनभूमीत आहे. १९५२ मध्ये ‘बिग माइन’ बंद पडली, मागोमाग रूळही उखडले गेले. मागे राहिले ते खाणीकडे जाणारे खेचरांचे रस्ते, ओंडके ओढायच्या वाटा, उन्हाळ्यात गुरं वरच्या कुरणांत चढवायच्या वाटा. आज लोक हौसेने ज्यांवर चालतात त्यांतल्या कित्येक वाटा अशा पोटासाठी पडलेल्या आहेत. सह्याद्रीत फिरणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. नाणेघाट काही गिर्यारोहकांसाठी खोदलेला नव्हता.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जवळच्या उतारावर स्कीइंग सुरू झालं आणि बाहेरची तरुण मंडळी इथे येऊन राहू लागली. खिशात पैसे कमी, गावातले रस्ते मातीचे आणि खड्ड्यांचे. त्यामुळे जुन्या, जाड टायरच्या, एकाच गिअरच्या वजनदार सायकलींना भाव आला. पेडल उलटं फिरवलं की मागच्या चाकाला ब्रेक लागायचा. या खटारा सायकलींना ‘क्लंकर’ म्हणत. १९७६ च्या उन्हाळ्यात अ‍ॅस्पेन या श्रीमंत शेजाऱ्याकडचे काही मोटरसायकलवाले पर्ल पास ही ३८७० मीटर उंचीची खिंड ओलांडून क्रेस्टेड ब्यूटला आले आणि इथल्या गुत्त्यासमोर गाड्या लावून मिरवले. गावच्या पोरांना ते झोंबलं. सप्टेंबरमध्ये पंधराएक जण क्लंकर घेऊन निघाले, एक रात्र डोंगरात काढली, चढावर सायकली ढकलल्या, उतारावर जीव मुठीत धरला आणि दुसऱ्या दिवशी अ‍ॅस्पेनच्या जेरोम हॉटेलात जाऊन बसले.

त्याच काळात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत दुसरं एक टोळकं जुन्या सायकलींवर डोंगर उतरण्याच्या शर्यती लावत होतं. ‘रिपॅक’ ही त्यांची शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ रोजी पहिल्यांदा झाली. उतार एवढा की मागच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावं लागे. नाव त्यावरूनच पडलं. १९७८ मध्ये जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली, वेंडी क्रॅग ही मरिनची मंडळी पर्ल पास ओलांडण्यासाठी क्रेस्टेड ब्यूटला आली. त्यांच्याजवळच्या सायकली सुधारलेल्या होत्या, गिअर होते. ब्रीझने तर १९७७ मध्ये डोंगरासाठी म्हणून खास सांगाडाच घडवला होता. पुढे १९८१ मध्ये ‘स्टम्पजम्पर’ ही कारखान्यात मोठ्या संख्येने बनलेली पहिली डोंगरी सायकल बाजारात आली आणि खेळ जगभर पसरला. जन्मस्थान कुठलं, यावर दोन्हीकडची माणसं अजून भांडतात. मला विचाराल तर सायकल मरिनमध्ये घडली; ती घेऊन दिवसच्या दिवस डोंगर तुडवण्याची रीत मात्र क्रेस्टेड ब्यूटची.

आता प्रत्यक्ष वाटांकडे येऊ. नवख्याने सुरुवात ‘लोअर लूप’पासून करावी. गावाच्या कडेने स्लेट नदीच्या खोऱ्यात जाणारी ही सपाटीची वाट लहान मुलांनाही झेपते आणि समोर बर्फाचे पट्टे मिरवणाऱ्या शिखरांची रांग दिसत राहते. अंग थोडं मोकळं झालं की ‘लुपिन’ आणि ‘स्नॉडग्रास’. स्नॉडग्रासची वाट अ‍ॅस्पेन याच नावाच्या झाडांच्या पांढऱ्या खोडांच्या रानातून जाते आणि तिचा काही भाग खासगी कुरणातून आहे. ऑगस्टच्या मध्यानंतर तिथे गुरं चरायला येतात, तेव्हा ही वाट बंद होते. इथे तक्रार कुणी करत नाही. जमीन गुरं राखणाऱ्याची आहे, त्याने उन्हाळाभर वाट वापरू दिली, हेच पुष्कळ, अशी सर्वसाधारण भावना आहे. केब्लर खिंडीकडची ‘डाइक’ची वाट सप्टेंबरच्या अखेरीस करावी. तिथलं अ‍ॅस्पेनचं वन देशातल्या सर्वांत मोठ्या वनांपैकी एक आहे आणि त्या दिवसांत अख्खं पिवळंधमक होतं.

पण या गावाची ओळख झालेली वाट म्हणजे ‘४०१’. गॉथिकच्या कच्च्या रस्त्याने शोफिल्ड खिंड गाठायची, तिथून झाडीतला दमछाक करणारा चढ चढून साधारण ३४०० मीटरच्या वर यायचं. झाडी संपते आणि ईस्ट नदीचं सगळं खोरं पायाखाली उघडतं. तिथून हातभर रुंदीची वाट डोंगराच्या उघड्या कुशीवरून खाली धावते. जुलैच्या मध्याला या उतारावर रानसूर्यफुलं, निळे-जांभळे लुपिन, लालभडक पेंटब्रश आणि राज्यफूल कोलंबाइन असा बहर असतो. काही ठिकाणी झाडोरा सायकलस्वाराच्या खांद्याला लागतो. कासचा बहर पाहिलेल्या माणसालाही इथे थांबावंसं वाटेल. फरक एवढाच की कासची फुलं वाकून पाहावी लागतात.

वाटेच्या पायथ्याशी गॉथिक आहे. चांदीच्या काळात गजबजलेली आणि नंतर ओसाड पडलेली ही वस्ती १९२८ मध्ये जॉन जॉन्सन या जीवशास्त्राच्या प्राध्यापकाने हाताशी घेतली आणि तिथे रॉकी माउंटन बायॉलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. जुन्या खाणकामगारांच्या खोपटांत दर उन्हाळ्यात संशोधक राहायला येतात आणि वर्षानुवर्षं त्याच चौकटींतली फुलं मोजतात. १९७४ पासूनच्या ३९ वर्षांच्या नोंदींवरून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की इथला फुलांचा हंगाम महिन्याहून अधिक लांबला आहे. बर्फ लवकर वितळतो, फुलं लवकर उमलतात, आणि त्यांवर जगणाऱ्या कीटक-पक्ष्यांचं वेळापत्रक मागे राहण्याची भीती असते. वाट सोडून फुलांत शिरू नका, अशी पाटी या परिसरात दिसली तर तिच्यामागे चाळीस वर्षांची मोजणी आहे, हे लक्षात ठेवावं.

सायकलवाल्याला थांबावं लागतं अशी सीमाही इथेच आहे. १९६४ च्या विल्डरनेस कायद्याने राखलेल्या प्रदेशांत यंत्रावर चालणारं कोणतंही वाहन नेता येत नाही, आणि सायकलही त्यात धरली जाते. मरून बेल्स-स्नोमास, रॅगेड्स आणि वेस्ट एल्क असे तीन राखीव प्रदेश गावाला वेढून आहेत. तिथे फक्त पायी किंवा घोड्यावर. त्यामुळे पायी चालणाऱ्यांसाठी सर्वांत देखणा टप्पा मोकळा राहिला आहे: वेस्ट मरून खिंड. सुमारे ३८०० मीटरची ही खिंड ओलांडली की अ‍ॅस्पेनच्या बाजूचं मरून सरोवर लागतं. चालत साधारण १७-१८ किलोमीटर. गाडीने तेच अंतर वळसा घालून दीडशे किलोमीटरच्या वर जातं. सायकलवाल्यांतल्या अनेकांना ही बंदी जाचक वाटते आणि तिच्यावर वाद चालू असतो. मला ती योग्य वाटते. आवाज आणि वेग यांपासून पूर्ण सुटलेली थोडी जागा डोंगरात असायलाच हवी.

हे सगळं आपोआप राहत नाही. १९८३ मध्ये गावात डोंगरी सायकलस्वारांची संघटना उभी राहिली. जगातल्या अशा सर्वांत जुन्या संघटनांत तिची गणना होते. तिचं मुख्य काम शर्यती भरवणं हे नाही. वाटा बांधणं, दुरुस्त करणं आणि वाटेसाठी जमीनमालक व वनखात्याशी बोलणं, हे तिचं काम. डोंगरातली वाट मोडते ती मुख्यतः पाण्याने. वाट सरळ उताराच्या दिशेने आखली की पावसाचं पाणी तिलाच ओढा करतं, माती वाहून जाते, दगड उघडे पडतात, घसारा होतो. मग चालणारे बाजूने नवी वाट पाडतात आणि पुढच्या पावसात तिचाही ओढा होतो. म्हणून वाट डोंगराच्या कुशीला आडवी, हलक्या चढाची खोदायची; तिचा पृष्ठभाग दरीकडे किंचित कलता ठेवायचा, म्हणजे पाणी वाटेवरून न वाहता आडवं ओलांडून जातं; आणि मध्ये मध्ये चढाला छोटी उतरण द्यायची, म्हणजे साचलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. दर वसंतात बर्फ वितळला की स्वयंसेवक हे उतार पुन्हा घासून काढतात आणि आडवी पडलेली झाडं कापतात. विल्डरनेसच्या हद्दीत यंत्राची करवतही चालत नाही, तिथे दोघांनी ओढायची जुनी लांब करवत वापरतात.

नियम थोडे आहेत, पण ते पाळले जातात. वाट चिखलाची असेल तर जायचं नाही, कारण ओल्या मातीत उमटलेली चाकोरी वाळून वर्षभर राहते. उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची, सायकलवाल्याने चालणाऱ्याला, आणि दोघांनीही घोड्याला. खाली गनिसन गावाजवळच्या हार्टमन रॉक्सच्या खडकाळ माळावर वसंतात काही रस्ते बंद असतात, कारण तो गनिसन सेज-ग्राउस या पक्ष्याच्या विणीचा काळ. २००० मध्ये स्वतंत्र जाती म्हणून ओळखला गेलेला हा पक्षी जगात मुख्यतः याच टापूत उरला आहे.

वाटांइतकीच एका डोंगराची लढाईही इथे लढली गेली. गावाच्या डोक्यावर माउंट एमन्स उभा आहे. गावकरी त्याला ‘रेड लेडी’ म्हणतात. १९७७ मध्ये अ‍ॅमॅक्स या कंपनीने त्यात मॉलिब्डेनमची प्रचंड खाण काढायचं जाहीर केलं. महापौर डब्ल्यू. मिचेल यांच्या पुढाकाराने गाव विरोधात उभं राहिलं. खाणीवरच जगलेल्या गावाने खाणीला नकार दिला, ही साधी गोष्ट नव्हती. मालक बदलत गेले, दावे चालू राहिले, आणि २०२४ मध्ये तिथले खाणीचे हक्क कायमचे संपवणारा करार पूर्ण झाला. सत्तेचाळीस वर्षं गावाने हा विषय सोडला नाही.

जायचं असेल तर जुलैचा मध्य ते सप्टेंबरची अखेर हा काळ धरावा. जूनमध्ये उंचावरच्या वाटांवर बर्फ असतो. पहिले दोन दिवस चढ टाळून गावातच हिंडावं, भरपूर पाणी प्यावं. इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊण पटीहूनही थोडा कमीच आहे आणि मुंबई-पुण्याच्या फुप्फुसांना त्याची सवय नसते. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी हमखास ढग दाटतात आणि विजा पडतात. तिथेही या पावसाला ‘मॉन्सून’च म्हणतात. म्हणून पहाटे निघावं आणि दुपारच्या आत उघड्या धारेवरून खाली यावं. चांगली सायकल गावात भाड्याने मिळते.

आणि जाणं जमणार नसेल, तरी या गावाकडून एक काम उचलण्यासारखं आहे. सह्याद्रीत गडांवरची टाकी उपसणारे, तटबंदीतली झाडं काढणारे गट आहेत, त्यांचं काम मोलाचं आहे. गडावर नेणाऱ्या वाटेकडे मात्र क्वचितच कुणाचं लक्ष जातं. दर पावसाळ्यात हजारो पावलं त्याच घसाऱ्यावरून जातात आणि वाट दरवर्षी रुंद होत, खचत जाते. आपल्या गटाची यंदाची एक मोहीम वाटेसाठी ठेवा. वनखात्याची परवानगी घ्या, पायथ्याच्या गावातल्या जाणत्या माणसाला पाणी कुठून उतरतं ते विचारा, घमेली-फावडी घ्या आणि पावसाआधी एकाच गडाच्या वाटेवरचं पाणी बाजूला काढून द्या.