माहेरच्या गावात हॉटेलची खोली

आमच्या मैत्रिणींच्या गटात माझ्याकडे एक बिनपगारी काम आहे. सुट्टीत कुठेही राहून आलं की त्या जागेला गुण द्यायचे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे सवयीने एक्सेलची शीटच करून ठेवली आहे. खोली, जेवण, मुलांसाठी काय, थीम कितपत खरी, पैसे वसूल झाले का आणि पुन्हा जाऊ का, असे सहा रकाने. गेल्या चार वर्षांत पुण्याच्या आसपास आम्ही राजवाडा थीम, जंगल थीम, सिनेमा थीम आणि 'गावाकडची मजा' अशा सगळ्या जागी राहून आलो. शीटमध्ये सतरा ओळी भरल्या आहेत.

अठरावी ओळ बुऱ्हाणपूरची. ते माझं माहेर.

झालं असं, की सतराव्या जागी गावाकडची थीम होती. बैलगाडी, चुलीवरची भाकरी आणि पोहऱ्याने पाणी शेंदायला विहीर. माझी आठ वर्षांची मुलगी मोठ्या उत्साहाने विहिरीवर गेली आणि लगेच परत आली. म्हणाली, "आई, विहिरीच्या तळाला टाइल्स आहेत. आणि आत मोटार वाजतेय." परतीच्या वाटेवर गाडीत तिने विचारलं, "तुझं गाव कुठल्या थीमचं आहे?"

नवरा हसला. मला मात्र उत्तर देता येईना. बाबा गेल्यावर, तीन वर्षांपूर्वी, आम्ही लालबागमधलं घर विकलं आणि आई इंदूरला भावाकडे राहायला गेली. तेव्हापासून बुऱ्हाणपूर म्हणजे माझ्यासाठी इंदूरला जाताना गाडीच्या खिडकीतून दिसणारं एक स्टेशन उरलं होतं. गावात हॉटेलं आहेत, मध्य प्रदेश पर्यटनाचं 'ताप्ती रिट्रीट'सुद्धा आहे. पण आपल्याच गावात हॉटेलात उतरायचं हे मनाला पटत नव्हतं.

आईला तर मुळीच नाही. फोनवर म्हणाली, "हॉटेलात? लोक म्हणतील, यांना कोणी ठेवून घेतलं नाही." शेवटी एका अटीवर तयार झाली. गल्लीत कोणाला कळवायचं नाही.

थीम ठरली: पाणी

नाताळच्या सुट्टीतले दोन दिवस ठरले. आई आणि भाऊ इंदूरहून आले. ते अंतर साधारण १८० किलोमीटर. आम्ही पुण्याहून रात्रीच्या गाडीने निघालो. भुसावळ गेलं की तासाभरात बुऱ्हाणपूर येतं आणि स्टेशन लालबागकडेच आहे. उतरलो एका साध्या, स्वच्छ हॉटेलात. काउंटरवरच्या मुलाने रजिस्टरमध्ये 'आने का कारण' या रकान्यात आम्हाला न विचारताच 'घूमना' असं लिहिलं. आईने ते वाचलं आणि चष्मा काढून पर्समध्ये ठेवला.

मराठी माणसाला बुऱ्हाणपूर आठवतं ते बहुतेक संभाजी महाराजांनी १६८१ साली टाकलेल्या छाप्यामुळे. 'छावा' सिनेमाची सुरुवातही तिथूनच होते. पण मोगलांचं हे दख्खनमधलं मोठं ठाणं इतकं श्रीमंत कशामुळे झालं? एक तर ते उत्तरेतून दक्षिणेत उतरणाऱ्या वाटेवर होतं. दुसरं, इथलं कापड परदेशी व्यापाऱ्यांपर्यंत नावाजलेलं होतं. आणि एवढी छावणी, एवढी वस्ती पोसायची तर बारमाही पाणी हवं. ताप्ती शेजारून वाहते, पण नदीचं पाणी वर शहरात चढवणं कठीण. शिवाय शत्रू नदीत विष कालवील ही भीती.

यावरचा तोडगा म्हणजे कुंडी भंडारा. इथले लोक 'खूनी भंडारा'ही म्हणतात. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात ही व्यवस्था उभी राहिली. तोच तो, आपण शाळेत हिंदीच्या पुस्तकात ज्याचे दोहे पाठ केले तो रहीम. सातपुड्यात पडलेलं पावसाचं पाणी जमिनीत मुरतं आणि आतल्या आत ताप्तीकडे सरकतं. ते वाटेतच अडवून जमिनीखाली खोदलेल्या बोगद्यात घ्यायचं आणि फक्त उताराच्या जोरावर शहरापर्यंत आणायचं. बोगद्यात हवा खेळावी आणि गाळ काढता यावा म्हणून ठरावीक अंतरावर विहिरीसारखी तोंडं, म्हणजेच कुंड्या. अशा शंभरहून अधिक कुंड्या एका ओळीत आहेत. पंप नाही, मोट नाही. इराणात अशा व्यवस्थेला कनात म्हणतात. आपल्या औरंगाबादेत मलिक अंबरने केलेली नहर याच जातीची. रहीम आणि मलिक अंबर रणांगणावर एकमेकांचे वैरी, पण पाण्याच्या बाबतीत दोघांचं डोकं एकाच दिशेने चाललं. पुणेकरांना कात्रजहून पेठांतल्या हौदांत येणारं पेशव्यांचं पाणी आठवेल. ते शंभराहून अधिक वर्षांनी आलं.

आता कबुली. लालबागमध्ये मी अठरा वर्षं राहिले, घरी भंडाऱ्याचं पाणी यायचं, पण मी कधी खाली उतरले नव्हते. आपल्या गावात आपण काही पाहत नाही, पाहुणे आले तरच दाखवतो. यावेळी पाहुणी मीच होते.

कुंडीत लिफ्टने सुमारे ८० फूट खाली जाता येतं. लिफ्ट थांबली तेव्हा आधी थंडावा जाणवला, मग पाण्याचा आवाज. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर पाण्यातल्या क्षारांचा पांढरा थर चढला आहे. टॉर्चच्या उजेडात त्या मेणाच्या वाटतात. पाणी घोट्याच्या वर, आणि चालतं. मुलीने वाकून तळाला हात लावला. मला वाटलं ती खेळतेय. ती म्हणाली, "टाइल्स नाहीत."

२०२४ साली या भंडाऱ्याचं नाव युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आलं. आनंद आहेच. पण मला जास्त अप्रूप याचं, की चारशे वर्षांपूर्वीची ही व्यवस्था काचेच्या पेटीत ठेवलेली नाही. लालबागच्या नळांना तिचं पाणी अजून येतं.

भंडाऱ्यावरून परतताना आई म्हणाली, "जरा आपल्या गल्लीतून जाऊ. उतरायचं नाही." आणि घराजवळ आल्यावर तीच आधी उतरली. फाटकाला निळा रंग दिलाय, ओट्यावर कुंड्या आहेत, त्या मातीच्या, झाडांच्या. नव्या मालकीणबाई बाहेर आल्या. आईने ओळख दिली नाही, नुसतं प्यायला पाणी मागितलं. बाई आतून फिल्टरचं पाणी घेऊन आल्या तर आई म्हणाली, "नल का दीजिए।"

"आंटी, नल में तो भंडारे का पानी आता है।"

"वही चाहिए।"

आई पेलाभर पाणी प्यायली, दुसरा मागून घेतला आणि गाडीत येऊन बसली. तिथून गावापर्यंत कोणीच काही बोललं नाही.

हमाम आणि आहुखाना

दुपारी शाही किल्ल्यात गेलो. ताप्तीच्या काठावर उभा असलेला हा किल्ला फारुकी सुलतानांचा, नंतर मोगलांचा. त्यातलं शाही हमामखाना हे पाण्याच्या थीमचं दुसरं ठिकाण. मोठ्या हॉटेलांतल्या 'रॉयल स्पा'चे फोटो तुम्ही पाहिले असतीलच. इथे मूळ पाहायला मिळतं. मधोमध हौद, भिंतींत पाणी खेळवण्याच्या वाटा, आणि छतावर रंगीत वेलबुट्टी. रंग उडालेत, काही ठिकाणी गिलावा निघालाय, पण मान वर करून दहा मिनिटं उभं राहिलं की नक्षी हळूहळू उलगडते. मुलांना आधी छत दाखवा, मग इतिहास सांगा.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदी ओलांडून जैनाबादला. १७ जून १६३१ रोजी मुमताजमहल बुऱ्हाणपूरात चौदाव्या बाळंतपणात गेली. तिचा पहिला दफनविधी नदीपलीकडच्या बागेत झाला आणि सहा महिन्यांनी पार्थिव आग्र्याला नेण्यात आलं. त्या बागेची खूण म्हणजे आहुखाना. आहू म्हणजे हरीण. हे शिकारीसाठी राखलेलं हरणांचं उद्यान. आज उरल्यात त्या पडक्या कमानी आणि कोरडे हौद. ताजमहालासारखं काही पाहायला मिळेल या अपेक्षेने गेलात तर निराश व्हाल. पण आई तिथे एका दगडावर बसली आणि म्हणाली, "चौदावं बाळंतपण. त्या बाईला कोणी विचारलं होतं का?" गाइडच्या माहितीत हे नव्हतं.

गावातली जामा मशीद मात्र चुकवू नका. सोळाव्या शतकाच्या अखेरीस राजा अली खान फारुकीने ती बांधली. आत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे, देवनागरीत. नमाजाच्या वेळा टाळून आणि विचारून आत जा. माझ्या मुलीने बोटाने एक एक अक्षर लावायचा प्रयत्न केला. अर्थ कळला नाही, पण अक्षरं आपली आहेत हे कळलं.

जेवण, आणि गुप्तता कशी फुटली

बुऱ्हाणपूरला येऊन तीन गोष्टी खायच्या. मावा जलेबी, म्हणजे खव्याची, काळपट, जाड आणि एकीतच पोट भरणारी. दराबा, म्हणजे रवा, साखर आणि तूप फेटून फेटून हलका केलेला गोड पदार्थ. आणि मांडा, म्हणजे उलट्या कढईवर भाजलेली, रुमालासारखी मोठी पातळ रोटी.

मिठाईच्या दुकानातच घात झाला. मागून हाक आली. आमच्या जुन्या शेजारच्या काकू! कुठे उतरलात, या प्रश्नावर आई गप्प झाली आणि माझी मुलगी उत्साहाने हॉटेलचं नाव सांगून मोकळी झाली. काकूंनी भर दुकानात आईला सुनावलं, "का गं, माझ्या घराला कुलूप लागलं होतं का?"

संध्याकाळी काकू स्टीलचा डबा घेऊन हॉटेलात हजर. वांग्याचं भरीत, कळण्याच्या भाकरी, ठेचा. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "बाहर का खाना अलाउड नहीं है।" काकू म्हणाल्या, "बेटा, बाहर का नहीं, घर का है। ये यहीं की लड़की है।" तो हसला आणि त्याने वर चार ताटंही पाठवली. पलंगावर वर्तमानपत्र पसरून आम्ही जेवलो. आई आणि काकू रात्री साडेअकरापर्यंत बोलत होत्या. हॉटेल नसतं तर हे बोलणं स्वयंपाकघरात, उभ्याउभ्या, भांडी घासता घासता झालं असतं.

जाणाऱ्यांसाठी थोडं

बहुतेक लोक इंदूरकडून येताना असीरगड पाहतात, बुऱ्हाणपूरात जेवतात आणि पुढे निघतात. तसं करू नका. दोन रात्री ठेवा. असीरगड साधारण वीस किलोमीटरवर आहे, त्याला अर्धा दिवस वेगळा द्या. भंडाऱ्याची लिफ्ट चालू आहे का आणि वेळ काय, हे आदल्या दिवशीच विचारून घ्या. टॉर्च आणि भिजले तरी चालतील अशा चपला जवळ ठेवा. हिवाळाच बरा, उन्हाळ्यात निमाडचं ऊन सोसत नाही. आणि सगळं पाहायचा हट्ट न धरता एकच धागा पकडा. आम्ही पाण्याचा पकडला. तुम्ही कापडाचा पकडा, केळीच्या बागांचा पकडा किंवा नुसता खाण्याचा.

आता अठरावी ओळ. खोली: पाचपैकी तीन, गरम पाणी नऊनंतर बंद. जेवण: हॉटेलचं तीन, काकूंचं पाच. मुलांसाठी: चार. पैसे वसूल: पाच. थीम कितपत खरी: हा रकाना मुलीने भरला, पाचपैकी सहा. मी एक्सेलमध्ये दुरुस्त केलेलं नाही.

'पुन्हा जाऊ का' हा रकाना रिकामा ठेवला होता. निघताना काउंटरवर पैसे देत होते तेव्हा मागून आई त्या मुलाला विचारत होती, "अगली बार बड़ा कमरा मिलेगा क्या? हमारी एक सहेली भी रहेगी।"