डिझेल बाहेर की हवा आत?

शिडाच्या बोटीला इंजिन कशाला, असा प्रश्न किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला पडतो. त्याचे उत्तर बंदराच्या तोंडाशी मिळते. वारा पडलेला, ओहोटीची ओढ खडकांकडे आणि धक्का अजून दोनशे मीटर दूर. अशा वेळी पायऱ्यांखाली दाटीवाटीने बसवलेले दहा-वीस अश्वशक्तीचे डिझेल इंजिन हाच आधार असतो. नेमके तेव्हाच ते दोन-चार गचके देते आणि बंद पडते. टाकीत डिझेल आहे, बॅटरी भरलेली आहे, इंजिनाखाली एक थेंबही सांडलेला नाही. तरीही दोष अनेकदा गळतीचाच असतो.

बऱ्याच बोटींत टाकी इंजिनापेक्षा खाली असते. तिथून डिझेल वर खेचण्याचे काम एक छोटा पंप करतो. खेचताना टाकी ते पंप या नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. त्यामुळे तिथे फट पडली, तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत शिरते. पंपाच्या पुढे उलटे घडते. तिथे दाब जास्त असल्याने डिझेल बाहेर झिरपते आणि निदान दिसते तरी.

थोड्याशा हवेने इंजिन का बंद पडावे? डिझेल दाबले तरी जवळजवळ आकसत नाही, हवा मात्र स्पंजासारखी आकसते. इंजेक्टरची सुई उचलायला वातावरणाच्या दाबाच्या सुमारे १२० ते २०० पट दाब लागतो. मध्ये बुडबुडा असला की पंपाचा सगळा जोर तो दाबण्यात जातो आणि सुई हलतच नाही. शेतावर डिझेल पंप वापरणाऱ्यांना हे सांगायला नको. ‘इंजिनाने हवा धरली’ म्हणत ते पाना घेऊन बसतात. बोटीवरही तेच करायचे असते: फिल्टरवरचा स्क्रू सैल करून, हातपंप मारून, फेस थांबेपर्यंत हवा काढायची. पण हा इलाज तापावरच्या गोळीसारखा आहे. फट तशीच राहिली, तर पुढच्या खेपेला तीच वेळ येते. फट शोधायची, तर नळीच्या एकेका टप्प्यात पारदर्शक नळीचा तुकडा तात्पुरता जोडावा. बुडबुडे ज्या टप्प्यापासून दिसू लागतात, दोष त्याच्याच मागे असतो. अनेकदा तो फिल्टरच्या वाटीच्या रबरी कड्यात सापडतो.

या कड्यांची एक वेगळीच गोष्ट आहे. अमेरिकेत १९९३मध्ये कमी गंधकाचे डिझेल आले आणि वर्षानुवर्षे कोरडी असलेली जुनी इंजिने गळू लागली. दोष गंधक कमी झाल्याचा नव्हता. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधली काही सुगंधी हायड्रोकार्बनेही कमी झाली होती. त्यांच्यामुळे फुगून राहिलेले जुने नायट्राइल रबर आता आकसले आणि कडी सैल पडली. भारतात एप्रिल २०२०पासून गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत १० भागांवर आले आहे. जुन्या इंजिनाची कडी तेव्हापासून बदललेली नसतील, तर तिथूनच सुरुवात करावी.

तांब्याच्या वॉशरचे गणित निराळे. घट्ट आवळल्यावर तांबे दबते, सांध्यातले खाचखळगे भरते आणि त्याच वेळी कडक होते. तोच वॉशर पुन्हा लावला, तर तो खळगे भरत नाही. त्याला लाल होईपर्यंत तापवले की धातूतल्या स्फटिकांची नव्याने रचना होते आणि तो पुन्हा मऊ पडतो. नंतर पाण्यात बुडवला तरी पोलादासारखा कडक होत नाही. अर्थात नवा वॉशर काही रुपयांत मिळतो. प्लंबरची पांढरी टेप मात्र इथे चालत नाही. तिचे तंतू सुटून इंजेक्टरमध्ये अडकतात.

खरी भीती इंजेक्टरकडे जाणाऱ्या बारीक पोलादी नळीची. एक-दोन सिलिंडरचे इंजिन सतत हादरते. नळीचा एखादा चिमटा निखळला की धातू थकतो आणि केसाएवढी भेग पडते. तिथून निघणारा फवारा नीट दिसत नाही. तो हाताने चाचपणे म्हणजे स्वतःला इंजेक्शन टोचून घेणे. त्वचेवर फक्त टाचणीएवढा ठिपका दिसतो आणि सुरुवातीला फारसे दुखतही नाही. आत मात्र डिझेल स्नायूंच्या पडद्यांमधून पसरत असते आणि काही तासांत हात सुजतो. उशीर झाल्यास बोट किंवा हातही गमवावा लागतो. म्हणून दुखणे वाढायची वाट न पाहता थेट शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे आणि ‘दाबाखालचे डिझेल आत गेले आहे’ असे स्पष्ट सांगावे. फवारा शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा पुरतो. नळी सैल करायची, तर आधी इंजिन बंद करावे. भेगाळलेली नळी जोडत बसू नये, ती बदलावी.

आणखी एक गळती आतल्या आत होते. इंजिनाच्या अंगावर बसवलेल्या पंपाचा पडदा फाटला, तर डिझेल थेट खालच्या वंगणतेलात उतरते. तेलाची पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर आनंद मानू नये. पातळ झालेले तेल बेअरिंगे खाते. तेलकाडीला डिझेलचा वास येत असेल, तर पडदा आणि तेल दोन्ही बदलून मगच इंजिन सुरू करावे.

दुरुस्तीनंतर बोट धक्क्याला पक्की बांधावी, इंजिन गिअरमध्ये अर्धा तास चालवावे आणि बंद केल्यावर कोरड्या केलेल्या प्रत्येक सांध्यावर टिश्यू पेपर टेकवून पाहावा. आधी सांडलेले डिझेल बोटीच्या तळातून शोषक कापडाने टिपून घ्यावे. तळातले पाणी उपसणारा पंप तोवर बंदच ठेवावा, नाहीतर ते सगळे बंदराच्या पाण्यात जाते.