रोजमेळ, खतावणी आणि विमा एजंटाचा संगणक

२०२२ च्या जून महिन्यात सांगलीला वहिनींच्या कार्यालयात बसलो होतो. तेव्हा मिरज तालुक्यातले एक गृहस्थ हातात दवाखान्याची फाईल घेऊन आले. दोन टेंपो बाळगणारे, माझ्या थोरल्या भावाच्या वेळेपासूनचे ग्राहक. हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती आणि बिल दोन लाखांच्या वर गेले होते. आरोग्य विम्याचे कार्ड दवाखान्याने परत केले, कारण पॉलिसीची मुदत ७ एप्रिललाच संपली होती. हप्ता भरायला मिळणारी तीस दिवसांची सवलतही उलटली होती. कंपनीचा संदेश त्यांच्या जुन्या मोबाईल नंबरवर गेला होता. ते एवढेच म्हणाले, "तुमचा फोन आला असता तर भरलं नसतं का ओ? दादा असताना दरवर्षी यायचा."

दादा २०२१ मध्ये गेले. वहिनींकडे स्वतःची एजन्सी आधीपासून होती, पण मोठा पसारा दादांचा. त्यांच्या डायऱ्यांमधली सुमारे सातशे पॉलिसींची माहिती संगणकावर चढवायचे काम मी साताऱ्याहून येऊन अंगावर घेतले होते. चूक माझीच निघाली. त्या संगणकात तारखेची मांडणी अमेरिकन पद्धतीची होती, म्हणजे आधी महिना, मग दिवस. मी ०७/०४/२०२२ असे टंकले आणि यंत्राने ते ४ जुलै समजून घेतले. २५/०४ सारख्या तारखा त्याला कळल्या नाहीत, कारण पंचविसावा महिना नसतो. त्या त्याने नुसता मजकूर म्हणून रकान्याच्या डाव्या कडेला ठेवल्या. त्या खटकल्या म्हणून मी दुरुस्त केल्या. बारा तारखेपर्यंतच्या तारखा मात्र मुकाट्याने उलट्या पडल्या होत्या, आणि पडद्यावर बरोबरच दिसत होत्या. त्या गृहस्थांचे नाव माझ्या जुलैच्या यादीत व्यवस्थित होते.

त्यांना नवी पॉलिसी मिळाली, पण आधीच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ पहिल्यापासून सुरू झाला. चार वर्षांचे सातत्य गेले. बिलाचे पैसे त्यांनी एक टेंपो विकून भागवले. मी संगणकाचे शिक्षण घेतलेले नाही. जुन्या पेढ्यांच्या आणि संस्थांच्या हिशेबवह्या वाचणे हा माझा तीस वर्षांचा नाद. पण या प्रकरणानंतर छोट्या विमा एजन्सीने ग्राहकांची नोंद कशी ठेवावी आणि त्यासाठी सॉफ्टवेअर कसे निवडावे, याचा मागोवा घेतल्याशिवाय मला राहवेना. सातारा, कराड, विटा आणि सांगली इथल्या एजंटांकडे बसून जे पाहिले आणि नंतर वहिनींसाठी जे ठरवले, ते इथे मांडतो.

यादी कोणाची?

साताऱ्याला विम्याचा धंदा नवा नाही. १९१३ साली अण्णासाहेब चिरमुले यांनी इथे वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी उभी केली. जिल्ह्याच्या गावात मुख्य कचेरी असलेली आयुर्विमा कंपनी ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. पुढे १९ जानेवारी १९५६ रोजी सरकारने आयुर्विम्याचा कारभार हाती घेतला. तेव्हा चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री होते. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले आणि २४५ कंपन्या व सोसायट्या त्यात विलीन झाल्या. साताऱ्याची कंपनीही त्यातच गेली.

कंपनी बदलली, तिची दप्तरे हलली, तरी ग्राहकाच्या दारात जाणारा माणूस तोच राहिला. त्याची स्वतःची यादी त्याच्या डायरीत होती. कंपनीच्या दप्तरात पॉलिसी असते, एजंटाच्या डायरीत माणूस असतो. कोणाचा मुलगा पुण्याला गेला, कोणाच्या मुलीचे लग्न झाले, कोण दोन वर्षांपूर्वी साखरेच्या आजाराबद्दल बोलला होता, हे कंपनीला ठाऊक नसते. अमेरिकेतल्या स्वतंत्र एजंटांच्या व्यवहारात मुदत संपण्याच्या या यादीला 'एक्स्पिरेशन्स' असे नावच आहे. ती एजंटाची मालमत्ता मानतात आणि एजन्सी विकताना मुख्यतः तीच विकली जाते. आपल्याकडे तिला नाव नाही, पण किंमत तीच आहे. म्हणून सॉफ्टवेअर घेताना पहिला प्रश्न असा की, यादी उद्या माझ्याकडेच राहणार का? वर्गणी थांबवली तर सगळी नोंद, जोडलेल्या कागदांसह, साध्या एक्सेलच्या फाईलमध्ये बाहेर काढता येते का? विक्रेता "हो" म्हणाला तरी भागत नाही. पैसे देण्याआधी त्याला समोर बसून काढून दाखवायला सांगावे. नावे बाहेर येतात पण नॉमिनी आणि टिपणे आतच अडकतात, असा प्रकार मी दोन ठिकाणी पाहिला.

एक नोंद, दोन वह्या

जुन्या पेढीत रोजमेळ आणि खतावणी अशा दोन वह्या असत. रोजमेळ तारखेने चाले, म्हणजे आज काय आले, काय गेले. खतावणी माणसाने चाले, म्हणजे या खातेदाराचे आजवरचे सगळे एका पानावर. विमा एजंटाला नेमके हेच दोन लागते. सकाळी उठल्यावर आज कोणाला फोन करायचा, हा रोजमेळ. एखादा ग्राहक दारात आला की त्याच्या घरच्या सगळ्या पॉलिसी एका नजरेत, ही खतावणी. पेढीत मुनीम एकाच व्यवहाराची नोंद दोनदा करी आणि चुका तिथेच होत. चांगले सॉफ्टवेअर म्हणजे नोंद एकदाच करायची आणि दोन्ही वह्या आपोआप तयार व्हायच्या. बाकीचे रंगीत आलेख नसले तरी चालते.

बाजारात मिळणारी बरीचशी सर्वसाधारण सॉफ्टवेअरे विक्रीसाठी घडवलेली असतात. संभाव्य ग्राहक, बोलणी, प्रस्ताव आणि विक्री अशी त्यांची शिडी. विक्री झाली की त्यांच्या लेखी काम संपते. विम्यात काम तिथे सुरू होते आणि वीस-पंचवीस वर्षे चालते. अशी शिडी वाकवून रिन्यूअलसाठी वापरता येते, झोहोसारख्या कंपन्यांच्या साधनांत आपले रकाने घालण्याची सोयही असते, पण ते वाकवायला जाणता माणूस हाताशी लागतो. खास विमा एजंटांसाठी बनवलेल्या साधनांत हे तयार मिळते. त्यातली काही मात्र फक्त आयुर्विम्यासाठी असतात आणि गाडीचा, दुकानाचा, आरोग्याचा विमा त्यांत नीट बसत नाही. आपल्या धंद्यात कशाचा वाटा किती, हे आधी मोजावे.

खतावणीचे खाते कुटुंबाच्या नावाने हवे. एका घरात वडिलांची आयुर्विम्याची, आईची आरोग्याची, मुलाच्या दुचाकीची आणि ट्रॅक्टरची अशा पाच-सहा पॉलिसी, तीन वेगळ्या कंपन्यांच्या, असतात. त्या एकत्र दिसल्या की एका फोनमध्ये चार कामे होतात.

तारखा आणि नावे

एका पॉलिसीला एकच तारीख नसते. आयुर्विम्याला वार्षिक, सहामाही, तिमाही हप्त्यासाठी साधारण महिन्याची सवलत आणि मासिक हप्त्यासाठी पंधरा दिवसांची. बंद पडलेली पॉलिसी पहिल्या न भरलेल्या हप्त्यापासून पाच वर्षांत पुन्हा चालू करता येते. गाडीचा विमा संपल्यावर नव्वद दिवसांत नूतनीकरण केले नाही, तर दावा न केल्याबद्दलची सवलत जाते. नॉमिनी अज्ञान असेल तर तो अठरा वर्षांचा कधी होतो, तीही तारीख. लग्नानंतर नॉमिनी बदलायचा राहिला की पुढे घरात वाद होतात. तेव्हा सॉफ्टवेअरला विचारायचे ते असे: हप्त्याची तारीख दिली की सवलतीचा शेवटचा दिवस तू स्वतः काढतोस का? आणि तारखेत महिना अक्षरात दाखवतोस का? '७ एप्रिल' असे लिहिलेले कोणी '४ जुलै' वाचत नाही. या एका सोयीसाठी मी दहा इतर सोयी सोडायला तयार आहे.

दुसरी अडचण नावांची. आमच्या भागात पाटील, जाधव, शिंदे, मोहिते यांची पाने भरतात. एकाच गावात एकाच नावाचे तिघे सापडतात. इंग्रजी स्पेलिंग आधारवर एक, पॉलिसीवर दुसरे. म्हणून शोध नावाबरोबर मोबाईल, गाव आणि पॉलिसी क्रमांकावरूनही लागला पाहिजे. मराठीत लिहिलेले शोधता आणि अकारविल्हे लावता आले पाहिजे. जुन्या फॉण्टमध्ये टंकलेली मराठी यंत्राला मराठी म्हणून कळत नाही, ती युनिकोडमध्येच हवी.

पत्ताही एक नसतो. विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाई कारागीर सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगले आहेत. पाटण, जावळीतली कितीतरी घरे मुंबईवर चालतात. गावचा पत्ता, कामाचा पत्ता आणि गावात कायम असणाऱ्या एका नातेवाइकाचा नंबर, असे तीन रकाने लागतात. तो तिसरा नंबर आमच्याकडे असता तर त्या गृहस्थांचा भाऊ आम्हाला सापडला असता.

पैसा कधी येतो हेही टिपायची जागा हवी. ऊसवाल्याचा हप्ता जुलैत पडत असला तर त्याची ओढाताण होते. बिल कारखान्याचा हंगाम सुरू झाल्यावर येते. "बिल आल्यावर फोन" ही टीप ठरल्या दिवशी वर आली पाहिजे, नाहीतर ती डायरीच्या समासातच बरी.

पूर, पासवर्ड आणि कायदा

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांपर्यंत चढले. धोक्याची पातळी ४५ फूट. दादांच्या कार्यालयातले कपाट पाण्यात गेले आणि पुढचे चार दिवस आम्ही डायऱ्यांची पाने पंख्याखाली वाळवत होतो. नेमके तेव्हाच दुकान आणि गाड्यांच्या दाव्यांसाठी लोक पॉलिसी क्रमांक विचारत होते. म्हणून नोंदीची एक प्रत गावाबाहेर हवी, मग ती क्लाउडवर असो की साताऱ्याला माझ्या घरी ठेवलेल्या हार्ड डिस्कवर. आणि ती प्रत वर्षातून एकदा उघडून पाहावी. न उघडलेली प्रत आहे की नाही, हे पूर आल्यावरच कळते.

दुसरी बाजू गुप्ततेची. एजंटाकडे लोकांचे आजार, उत्पन्न, आधार, वारस सगळे असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षेत हयगय झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आपल्यासारख्यांना तो आकडा लागू होईल न होईल, पण दिशा स्पष्ट आहे. आधारचे फोटो व्हॉट्सॲपवर पडून असणे, सगळ्यांचा एकच पासवर्ड असणे, काम सोडून गेलेल्या मुलाच्या फोनमध्ये यादी राहणे, हे बंद व्हायला हवे. प्रत्येकाचे वेगळे खाते आणि ते बंद करण्याची सोय आहे का, ते पाहावे. लागत नाही ती माहिती ठेवूच नये.

खर्च आणि चाचणी

विक्रेता महिन्याचा दर सांगतो. आपण तीन वर्षांचा धरावा आणि त्यात नोंदी चढवण्याचे श्रम मिळवावेत. सातशे पॉलिसी, प्रत्येकी सहा मिनिटे म्हणजे सत्तर तास. रोज दोन तास बसले तर पस्तीस दिवस. हा खर्च दरपत्रकात नसतो, पण एजन्सी बहुधा इथेच दमते आणि अर्धी यादी आत, अर्धी डायरीत अशी अवस्था होते. ती सगळ्यांत धोक्याची, कारण दोन्हीकडे भरवसा राहत नाही.

विक्रेत्याच्या नमुन्यातली माणसे सरळ असतात. म्हणून आम्ही आमचीच वीस अवघड घरे निवडली: एकाच नावाचे तिघे, अज्ञान नॉमिनी, दोन पत्ते, बंद पडून पुन्हा सुरू झालेली पॉलिसी, आणि तारीख बारापर्यंतची असलेली पाच नावे. ती तीन सॉफ्टवेअरांत घातली, महिनाभर वापरली आणि शेवटी बाहेर काढून मूळ डायरीशी ताडली. एकाने तारखा बिघडवल्या. दुसऱ्याने नॉमिनी गाळले. तिसरे दिसायला सगळ्यांत साधे होते, पण जे घातले ते जसेच्या तसे परत आले. वहिनींनी तेच घेतले.

नंतर २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झाला, तेव्हा आणखी एक कसोटी झाली. आरोग्याच्या हप्त्यावर आधी १८ टक्के होता. विक्रेत्याने आकडेमोड वेळेवर बदलली नसती, तर वहिनींनी ग्राहकांना चुकीच्या रकमा सांगितल्या असत्या. त्यांनी आठवडाभर आधी फोन करून विचारले आणि उत्तर त्याच दिवशी मिळाले. फोन उचलणारा माणूस आहे का, हे निवडीच्या यादीत मी आता वर घातले आहे.

डायरी मात्र वहिनींनी सोडलेली नाही. दर महिन्याच्या एक तारखेला त्या पुढच्या साठ दिवसांची यादी छापतात आणि फोन झाला की लाल शाईने खूण करतात. मी आक्षेप घेतला तेव्हा म्हणाल्या, "भावजी, यंत्र आठवण करतंय हो, पण फोन मीच केला का नाही ते कागदावरच दिसतंय." मला उत्तर सुचले नाही. त्या टेंपोवाल्या गृहस्थांचे नाव दर मार्चच्या यादीत येते. त्यांना पहिला फोन त्या स्वतः करतात. एप्रिलच्या एक तारखेपर्यंत पावती आली नाही, तर दुसरा मी साताऱ्याहून करतो.