आधी माउंट, मग दुर्बीण

लक्ष्मीपूजन येते अमावास्येला. त्यामुळे पावसाळा ओसरल्यानंतर आकाशाचे फोटो काढणाऱ्यांना मिळणाऱ्या पहिल्या काळोख्या रात्रींपैकी एक थेट दिवाळीत येते. देवयानी दीर्घिका डोक्यावर असते, कृत्तिका वर चढत असतात, आणि रात्री दहाच्या पुढेमागे पूर्वेला मृग नक्षत्र उगवते. शहरात मात्र धूर आणि रोषणाई. म्हणून मंडळी मुंबईजवळच्या वांगणीला जातात, सह्याद्रीतला एखादा गड गाठतात. ज्यांना जमते ते पेंच व्याघ्र प्रकल्पात जातात. महाराष्ट्रातल्या या जंगलाला 2024 मध्ये भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. काहीजण त्याहून लांब, लडाखमधल्या हानलेला पोहोचतात. तिथली वेधशाळा सुमारे 4500 मीटर उंचीवर आहे.

अशा प्रवासाआधी नवशिके हटकून विचारतात, ‘दुर्बीण कोणती घेऊ?’ माझे उत्तर ठरलेले आहे: दुर्बिणीचे नंतर पाहू, आधी माउंट ठरवा. ताऱ्यांचा फोटो चांगला येणार की वाया जाणार, हे कॅमेऱ्याखालचे यंत्र ठरवते. आणि प्रवासात तेच यंत्र सर्वांत जड असते.

तारा थांबत नाही

पृथ्वी 23 तास 56 मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी घेते. त्यामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा दर सेकंदाला 15 विकला सरकतो (एक अंश म्हणजे 3600 विकला). 4 मायक्रॉनचे पिक्सेल असलेल्या कॅमेऱ्याला 135 मिमीची लेन्स लावली, तर एक पिक्सेल आकाशातल्या सुमारे 6 विकला व्यापतो. म्हणजे अर्धा सेकंद भरायच्या आत तारा शेजारच्या पिक्सेलवर गेलेला असतो. छायाचित्रकार 500 ला फोकल लेंथने भागून एक्स्पोजरची मर्यादा काढतात: 14 मिमीला 35 सेकंद, 50 मिमीला 10, 135 मिमीला जेमतेम 4. हा हिशेबही सैलच आहे. देवयानीच्या फिकट भुजा उमटवायच्या तर एकेक एक्स्पोजर मिनिट-दोन मिनिटांचे हवे, आणि अशी कितीतरी एकत्र करावी लागतात.

उपाय एकच. पृथ्वीच्या अक्षाला समांतर असा एक अक्ष घ्यायचा आणि पृथ्वी फिरते त्याच वेगाने कॅमेरा उलट दिशेला फिरवायचा. जर्मन दुर्बीणकार फ्राउनहोफरने 1824 मध्ये डोरपाट (आजचे तार्तू) इथल्या वेधशाळेच्या दुर्बिणीसाठी घडवलेले माउंट याच तत्त्वावर चालत होते, आणि आजचे हातात मावणारे ट्रॅकरही त्याच तत्त्वावर चालतात.

सर्वांत स्वस्त ट्रॅकर घरी बनतो. स्कॉटलंडच्या जॉर्ज हेग यांनी 1975 मध्ये लोकप्रिय केलेल्या या रचनेत बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या असतात आणि त्यांना उघडणारा एक बोल्ट. नेहमीच्या 6 मिमी बोल्टचा आटा एका फेऱ्यात 1 मिमी पुढे सरकतो. हा बोल्ट बिजागरीपासून 22.9 सेंटीमीटरवर बसवला आणि मिनिटाला एक फेरा दिला, की वरची फळी ताऱ्यांच्या वेगाने उघडते. 50 मिमी लेन्सने काही मिनिटांचे एक्स्पोजर यावर निघते. शाळेच्या विज्ञान मंडळाने हे एकदा तरी करून पाहावे.

तीन पर्याय

बाजारातला पहिला पर्याय म्हणजे एकाच अक्षावर फिरणारा छोटा ट्रॅकर. स्काय-वॉचरचा स्टार अ‍ॅडव्हेंचरर 2आय किंवा आयऑप्ट्रॉनचा स्कायगाइडर प्रो ही त्यातली परिचित नावे. यंत्र किलो-दीड किलोचे, आणि कंपनीच्या म्हणण्यानुसार 5 किलो पेलणारे. हा आकडा फोटोग्राफीसाठी तसाच धरू नये; त्याच्या निम्म्यावर, फार तर 3 किलोवर थांबावे. कॅमेरा, 135 मिमीची लेन्स आणि बॉलहेड मिळून दोन किलोच्या आसपास जातात, म्हणजे हिशेबात बसतात.

दुसरा पर्याय दोन अक्षांचा. स्टार अ‍ॅडव्हेंचरर जीटीआय हे अडीच किलोंच्या आसपासचे माउंट मोबाइलवरून सांगितलेले लक्ष्य स्वतः शोधते. पेलण्याची मर्यादा तीच, 5 किलो; पण अंधारात लक्ष्य चाचपडण्याचा वेळ वाचतो आणि छोटी दुर्बीणही चालते.

तिसऱ्या पर्यायाने गेल्या काही वर्षांत चित्र पालटले. त्याचे नाव स्ट्रेन वेव्ह, म्हणजेच हार्मोनिक ड्राइव्ह. दात असलेल्या कड्याच्या आत एक लवचिक कडे असते, त्याला दोन दात कमी. आतला लंबगोल तुकडा फिरताना लवचिक कड्याला दोन टोकांशी दाबतो, आणि प्रत्येक फेरीत ते दोन दात मागे पडते. लवचिक कड्याला 200 दात असतील तर मोटरच्या शंभर फेऱ्यांत माउंटची एक फेरी होते. छोट्या डबीत एवढा जोर मिळतो, म्हणून काउंटरवेट, म्हणजे तोल साधणारे वजन, बहुधा लागतच नाही. झेडडब्ल्यूओचे एएम3 स्वतः 3.9 किलोंचे असून काउंटरवेटशिवाय 8 किलो पेलते. एएम5 5 किलोंचे, 13 पेलणारे. तुलनेसाठी, ईक्यू6-आर या नावाजलेल्या जुन्या धाटणीच्या माउंटचे नुसते डोके 17 किलोंचे आहे, ट्रायपॉड आणि वजने वेगळी.

या सोयीची किंमत आहे. स्ट्रेन वेव्हचा वेग काही मिनिटांच्या आवर्तनात पुढेमागे होतो आणि तारा 20 विकलांपर्यंत हलू शकतो. म्हणून एका ताऱ्यावर नजर ठेवून ही चूक सतत दुरुस्त करावी लागते (गाइडिंग); त्यासाठी छोटी गाइड दुर्बीण, दुसरा कॅमेरा आणि ते चालवणारा संगणक आलाच. वीज गेल्यावर दुर्बीण खाली झुकू नये यासाठी ब्रेक आहे का, हेही विकत घेण्याआधी विचारावे.

आपल्या अक्षांशाचा प्रश्न

परदेशी परीक्षणांत न भेटणारी एक अडचण आपल्याकडे आहे. ध्रुवतारा क्षितिजावर आपल्या अक्षांशाइतका वर दिसतो: हानलेला सुमारे 33 अंश, नागपूरला 21, मुंबईत 19, पणजीत साडेपंधरा. माउंटचा अक्ष त्याच्याच दिशेला रोखायचा असतो, आणि तो इतका आडवा झाला की काउंटरवेटचा दांडा ट्रायपॉडच्या पायावर आपटू शकतो. तेव्हा दोन पायांमधली फट उत्तरेला ठेवावी किंवा माउंटखाली छोटा खांब बसवावा. काउंटरवेट नसलेल्या स्ट्रेन वेव्ह माउंटचे उलट आहे: सगळा भार उत्तरेकडे झुकतो, म्हणून एक पाय उत्तरेलाच हवा. माउंट किती अंशांपर्यंत खाली येते ते पाहून घ्यावे आणि सगळी मांडणी आधी घराच्या गच्चीवर करून बघावी.

इतका खाली असलेला ध्रुवतारा धुरकटात किंवा डोंगराआड जातो. शिवाय तो खऱ्या ध्रुवापासून सुमारे 38 कला (एक कला म्हणजे 60 विकला) दूर आहे. नुसता त्याच्यावर रोख धरला तर मिनिटाला 10 विकलांपर्यंत घसरण होते. 50 मिमीला ती खपते. 135 मिमीला दोन मिनिटांत तारे तीन पिक्सेल लांबतात. म्हणून ट्रॅकरमधल्या ध्रुवदर्शकाने नीट जुळवणी करावी. ध्रुवतारा दिसतच नसेल, तर नीना या मोफत संगणकप्रणालीतली तीन बिंदूंची पद्धत आकाशाच्या दुसऱ्या भागाचे फोटो घेऊन चूक किती ते सांगते.

सामान आणि वीज

देशांतर्गत विमानात केबिनमध्ये साधारण 7 किलो नेता येतात. माउंट, कॅमेरा, लेन्स केबिनमध्ये. ट्रायपॉड आणि वजने खालच्या सामानात. सुट्ट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिनमध्येच न्याव्या लागतात. 100 वॅट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. 20,000 एमएएचची पॉवर बँक 74 वॅट-अवरची भरते. बऱ्याच मोठ्या माउंटना 12 व्होल्ट लागतात, तेव्हा तेवढा दाब देणारी पॉवर बँक आणि योग्य केबल आधीच तपासावी. थंडीत बॅटरी लवकर उतरते, हानलेला तर फारच. ट्रायपॉडवर काटकसर करू नये, आणि गडावरच्या वाऱ्यात त्याचा मधला खांब वर काढू नये.

माझा निवाडा असा. 135 मिमीपर्यंतच्या लेन्ससाठी छोटा ट्रॅकर पुरतो. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर 50 मिमीत अख्खे मृग नक्षत्र मावते, आणि तीन अंश पसरलेली देवयानी 135 मिमीतही ओळखू येते. 250 मिमीच्या आसपासच्या छोट्या दुर्बिणीसाठी जीटीआयसारखे माउंट आणि गाइडिंग घ्यावे. त्यापुढे जायचे आणि पाठीवर ओझे नको, तरच स्ट्रेन वेव्हचा खर्च करावा. खरेदीआधी पुण्याची 1944 पासून चालणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था, मुंबईचे खगोल मंडळ किंवा आपल्या गावातल्या गटाबरोबर एक रात्र आकाशाखाली काढा आणि दुसऱ्याचा ट्रॅकर हाताळून पाहा. लेन्स बदलतील, कॅमेरे बदलतील. नीट पारखून घेतलेले माउंट त्या सगळ्यांना पुरून उरेल.