नकार, आकार आणि रंग : चिनी भाषकांच्या इंग्रजी-शिक्षणातील तीन प्रश्न

१

प्रस्तुत लेखाचा विषय मराठीच्या अभ्यासकांना प्रथमदर्शनी दूरचा वाटण्याचा संभव आहे. चिनी मातृभाषा असलेला विद्यार्थी इंग्रजी शिकताना उपसर्ग, आकारवाचक शब्द आणि रंगांचे वाक्प्रचार या तीन ठिकाणी का अडखळतो, याचा विचार येथे करावयाचा आहे. यांपैकी एकही भाषा आपली नव्हे. तथापि दोन परक्या भाषांची गाठ पडताना पाहिली, की स्वभाषेच्या सवयीमुळे जे नजरेआड राहते ते दिसू लागते. भाषांतर आणि भाषाविज्ञान हे विषय शिकविणाऱ्या मराठीच्या अध्यापकास हा लाभ लहान नाही.

चीनमध्ये १९८७ पासून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीची राष्ट्रीय परीक्षा घेतली जाऊ लागली, आणि २००१ च्या धोरणानुसार प्राथमिक शाळेच्या तिसऱ्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविण्याचे ठरले. एवढ्या मोठ्या संख्येने एक भाषा शिकली जाते, तेव्हा शब्दांच्या याद्या पाठ करणे हा सर्वांत सोयीचा मार्ग ठरतो. उपसर्गांची एक यादी, आकारांची दुसरी, रंगांच्या वाक्प्रचारांची तिसरी. या तिन्ही याद्या एकाच रीतीने पाठ केल्या जातात, आणि अडचणीचे मूळ नेमके येथेच आहे.

रॉबर्ट लाडो यांनी १९५७ मध्ये असे प्रतिपादन केले, की मातृभाषा आणि नवी भाषा यांची तुलना केल्यास विद्यार्थ्याच्या अडचणींचा अंदाज आधीच बांधता येतो. पुढे १९६७ मध्ये पिट कॉर्डर यांनी चुकांकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. चूक म्हणजे केवळ अज्ञान नव्हे, विद्यार्थी मनाशी कोणता नियम बांधीत आहे त्याचा तो पुरावा होय, असे त्यांचे म्हणणे. या दोन्ही विचारांचा आधार घेऊन आपण तिन्ही याद्या तपासल्या तर असे आढळते, की त्यांतील अडचण तीन वेगळ्या जातींची आहे. उपसर्गांत कल्पना समान, परंतु तिची वाटणी वेगळी. आकारशब्दांत शब्द सापडतात, परंतु व्याकरण वेगळे. रंगांत शब्द आणि व्याकरण दोन्ही सापडूनही अर्थ हाती लागत नाही. म्हणून तिन्हींची अध्यापनपद्धतीही भिन्न असावयास हवी. (पुढे येणाऱ्या चिनी शब्दांचे उच्चार देवनागरीत स्थूलमानाने दिले आहेत, चिनीतील सूर त्यांत दर्शविलेले नाहीत.)

२

प्रथम उपसर्ग पाहू. चिनी भाषेत 'बू' हा नकारदर्शक शब्द विशेषणापूर्वी आणि क्रियापदापूर्वी सर्रास येतो. आनंदी नसलेला, बरोबर नसलेले, शक्य नसलेले, प्रामाणिक नसलेला, नियमित नसलेले या पाचही अर्थांसाठी चिनी भाषक हा एकच 'बू' वापरू शकतो. इंग्रजीत मात्र तेच पाच शब्द अनहॅपी, इनकरेक्ट, इम्पॉसिबल, डिसऑनेस्ट आणि इर्रेग्युलर असे होतात. जो नकार त्याच्या भाषेत एका दाराने येतो, तो येथे पाच दारांनी येतो, आणि कोणत्या शब्दासाठी कोणते दार हे शब्दाच्या अर्थावरून कळत नाही.

याच्या उलट बाजूकडे सहसा लक्ष दिले जात नाही. इंग्रजीतील 'अन-' हा एकच उपसर्ग चिनी भाषकास अनेक नकारांचा गोंधळ वाटतो. अनमॅरिड या शब्दासाठी चिनीत 'वेई' येतो. त्याचा अर्थ 'अद्याप नाही' असा असल्याने तो शब्द 'अजून लग्न न झालेला' असे सांगतो. अनलिमिटेडसाठी 'वू', म्हणजे 'जवळ नाही', मर्यादा नसलेले. अनऑफिशियलसाठी 'फेई', म्हणजे 'या जातीचे नव्हे'. तेव्हा इंग्रजीत नकाराचे रूप अनेक, तर चिनीत नकाराचे अर्थ अनेक. एका भाषेतील विविधता ध्वनी आणि इतिहास यांतून आली आहे, दुसरीतील अर्थभेदातून.

इंग्रजीच्या या विविधतेत काही व्यवस्था आहे काय? आहे, आणि मराठी भाषकास ती चटकन उमगते. 'अन-' हा इंग्रजीचा जुना, घरचा उपसर्ग. 'इन-' आणि 'डिस-' हे लॅटिन-फ्रेंच मार्गाने आलेले. सामान्यतः ज्या थराचा शब्द त्या थराचा उपसर्ग, अशी प्रवृत्ती दिसते. मराठीतही संस्कृतातून आलेला 'अ-' अशक्य, अप्रामाणिक, अनियमित यांत येतो, तर फारसीमार्गे आलेले 'ना-' आणि 'बे-' नाखूश, बेकायदा यांत येतात. 'अखूश' किंवा 'बेशक्य' असे आपण म्हणत नाही. मात्र तसे का म्हणत नाही, हे आपल्याला कोणी शिकविलेलेही नसते. थर ओलांडणारे बेसूर, बेताल असे शब्द मराठीत आहेतच. इंग्रजीतही अनजस्ट या विशेषणाचे नाम इनजस्टिस होते आणि अनईक्वलचे इनिक्वॉलिटी. त्याचप्रमाणे 'इन-'चा पुढील ध्वनीनुसार इम्-, इल्-, इर्- होणे हा प्रकार निर्दोष, निष्काम, नीरस या रूपांशी परिचित असलेल्या वाचकास नवा नाही. चिनी लिपीत मात्र प्रत्येक अक्षरचिन्ह आपले रूप राखून असते. शेजारच्या शब्दामुळे उपसर्गाने आपले लेखन बदलावे, ही गोष्टच त्या विद्यार्थ्यास अनपेक्षित असते.

आणखी एक सापळा क्रियापदांचा. 'अन-' हा उपसर्ग टाय या क्रियापदास लागला की त्याचा अर्थ 'न बांधणे' असा होत नाही, 'बांधलेले सोडणे' असा होतो. येथे नकार नसून कृती उलटविणे आहे. चिनीत या कृतीसाठी स्वतंत्र क्रियापद आहे. मराठीतही बांधणे-सोडणे, शिवणे-उसवणे अशा स्वतंत्र जोड्या आहेत. म्हणून 'अन-' म्हणजे 'नाही' असे यादीत पाठ केलेला विद्यार्थी येथे हमखास फसतो, आणि त्याची चूक त्याच्या आळसातून नव्हे तर यादीतून आलेली असते.

मौज अशी, की नकार उघड असूनही अर्थ उलटा निघण्याच्या जागी चिनी विद्यार्थी अडत नाही. प्राइसलेस म्हणजे कवडीमोलाचे नव्हे, तर किंमत करता येणार नाही असे, हे त्याला सहज पटते. कारण 'वू' आणि किंमत या दोहोंपासून झालेला त्याच्या भाषेतील शब्दही 'अमूल्य' असाच अर्थ देतो. आपल्या अमूल्य, अनमोल या शब्दांची घडण हीच आहे. कल्पना समान असेल तेथे तिच्यावर उभे राहून पुढे जाता येते. उपसर्ग शिकविण्याचा मार्ग हाच असावा : सुटी यादी न देता शब्दांची कुळे दाखविणे.

३

उपसर्ग आणि आकार यांची गाठ भूमितीत पडते. चिनीत त्रिकोणास 'सान-ज्याओ-शिंग', म्हणजे तीन-कोन-आकृती, असे म्हणतात. पंचकोनासाठी पाच-बाजू-आकृती, आयतासाठी लांब-चौरस-आकृती. ज्याला अंक येतात त्याला या आकृती न शिकविता कळतात. इंग्रजीत ट्रायअँगल, क्वाड्रिलॅटरल, पेंटॅगॉन, हेक्सॅगॉन यांतील अंक लॅटिन-ग्रीकच्या पडद्याआड असतात. थ्री, फोर, फाइव्ह, सिक्स शिकलेल्या मुलास ते ओळखू येत नाहीत. मराठी मधल्या जागी आहे. त्रिकोण, पंचकोन, षट्कोन हे संस्कृत अंकांवर आणि चौकोन हा घरच्या 'चौ'वर उभा आहे.

परंतु आकाराचा खरा व्यवहार भूमितीत नसून मोजण्यात आहे. चिनीत अंक आणि नाम यांच्यामध्ये एक वर्गदर्शक शब्द यावाच लागतो, आणि अनेकदा तो वस्तूचा आकार सांगतो. कागद, नकाशा, टेबल ही सपाट पृष्ठभागाची, म्हणून त्यांस 'जांग'. नदी, रस्ता, साप, मासा ही लांबट, म्हणून त्यांस 'त्याओ'. साबण, दगड ही ढेपेसारखी, म्हणून 'क्वाई'. मराठीत 'चार जण' म्हणताना येणारा 'जण' किंवा 'दहा नग' मधील 'नग' यांवरून या रचनेची कल्पना यावी. साबणाची वडी, लसणाची पाकळी, संत्र्याची फोड, उसाचे कांडे असे म्हणताना आपणही वस्तूस आकार देऊनच मोजतो.

इंग्रजीतही बार ऑफ सोप, शीट ऑफ पेपर, ग्रेन ऑफ राइस अशी योजना आहे. चिनी विद्यार्थ्यास ती आपलीशी वाटते. अडचण पुढे येते. इंग्रजी ही योजना मुख्यतः अगणनीय नामांपुरती राखून ठेवते. टेबल मोजताना मधला शब्द गाळावयाचा, वर अनेकवचनी प्रत्यय जोडावयाचा. फर्निचर मोजताना मात्र पीस हा शब्द आणावयाचा आणि अनेकवचन टाळावयाचे. चिनी नामास एकवचन-अनेकवचन असा आवश्यक रूपभेद नाही. त्यामुळे कोणते नाम गणनीय हे त्याला नामाकडे पाहून कळत नाही, आणि तो सरळ 'फर्निचर्स' लिहितो. येथे शब्दांची यादी निरुपयोगी आहे. शिकवावयाची आहे ती व्याकरणाची एक सीमारेषा : वर्गदर्शक कोठे लागतो आणि कोठे गळतो.

आकारांचा लाक्षणिक उपयोगही विचारात घ्यावा लागतो. चिनीत 'फांग', म्हणजे चौरस, हा सचोटीचा आकार आहे. इंग्रजीत प्रामाणिक व्यवहारास स्क्वेअर डील म्हणतात. चौकोनी कूस आणि गोल खोबण ही विसंगतीची प्रतिमा दोन्ही भाषांत आढळते. नियम या अर्थाच्या चिनी 'ग्वेइज्यू' शब्दात वर्तुळ काढण्याचा कंपास आणि सुताराचा गुण्या ही दोन हत्यारे आहेत. इंग्रजी नॉर्म हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला त्याचाही अर्थ गुण्या हाच. कारागिराच्या हातातील हत्यार सर्वत्र सारखे, म्हणून हे साम्य. परंतु गोल आकाराशी येताच वाटा फुटतात. चिनीत 'युआन', म्हणजे गोल, यात पूर्णता आणि कुटुंबाचे पुनर्मीलन आहे. शरदातील पूर्णचंद्राच्या सणास दूरची माणसे घरी येतात ती याच भावनेने. चिनी कुटुंब असे गोल, तर आपले आटोपशीर कुटुंब चौकोनी!

४

रंगांच्या बाबतीत मात्र हे आधारही सुटतात. १९६९ मध्ये बर्लिन आणि के यांनी मूलभूत रंगशब्दांच्या विकासात भाषाभाषांतून एक क्रम दिसतो, असे दाखविले. परंतु रंग ओळखणे आणि रंगाने बोलणे या दोन भिन्न गोष्टी होत. चिनीतील 'चिंग' हा जुना रंगशब्द गवतापुढे हिरवा, आकाशापुढे निळा आणि केसांपुढे काळा असतो. त्याचा अर्थ वस्तू ठरविते.

चहाचे उदाहरण घेऊ. इंग्रजीत जो ब्लॅक टी, तो चिनीत 'होंगचा', म्हणजे तांबडा चहा. इंग्रजांनी पानाचा रंग पाहिला, चिन्यांनी पेल्यातील अर्काचा. दोघांचेही खरेच आहे. परंतु एखाद्याने ब्लॅक टीचे शब्दशः 'हेइचा' केले, तर तो आंबविलेल्या चहाचा वेगळाच प्रकार होईल. ब्लॅक टी या शब्दाचा दुसरा अर्थ बिनदुधाचा चहा. त्यास मराठीने 'कोरा चहा' म्हटले आणि रंगाचा प्रश्नच मिटविला.

अश्लीलतेचा रंग तर सर्वांत बोधप्रद आहे. इंग्रजीत तो निळा, म्हणून ब्लू फिल्म. चिनीत तो पिवळा, 'हुआंग'. स्पॅनिशमध्ये हिरवा. मराठीत रंगेल म्हातारा 'हिरवट' असतो आणि चोरून वाचावयाची पुस्तके 'पिवळी' असतात. मत्सर इंग्रजीत हिरवा, तर चिनीत तो लाल डोळ्यांचा. मराठीत मात्र तो रंग सोडून पोटात दुखतो किंवा डोळ्यांत खुपतो. चिनी भाषकास हिरवी टोपी घातली असे म्हणणे म्हणजे त्याच्या पत्नीवर व्यभिचाराचा आरोप करणे. तेव्हा हिरव्या टोपीची भेट देणाऱ्या परकीयाने सावध असावे.

एकाच भाषेतही रंग स्थिर नसतो. चिनीत लाल रंग लग्नाचा, तोच तुटीच्या अंदाजपत्रकातील 'तांबड्या आकड्यां'चा, आणि चीनमधील शेअर बाजाराच्या फलकावर भाव चढल्याचाही. पांढरा शोकाचा, आणि तोच 'व्यर्थ' किंवा 'फुकट' या अर्थाचाही. असा विद्यार्थी व्हाइट लाय हा शब्दप्रयोग ऐकून 'फुकट गेलेले खोटे' असा अर्थ काढील, तर त्याचे तर्कशास्त्र चुकले असे म्हणता येणार नाही. येथे तर्कच चालत नाही, कारण येथे केवळ संकेत आहे.

५

प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी भाषांतराच्या उत्तरपत्रिका तपासताना 'मत्सराने हिरवा झाला' या वाक्यावर तांबडी रेघ मारली होती. त्याच उत्तरपत्रिकेत 'प्रस्तावास हिरवा कंदील मिळाला' हे वाक्य होते, आणि ते मात्र बरोबर धरले होते. दोन्ही हिरवे इंग्रजीतीलच. मग एक परका आणि दुसरा घरचा का? त्या विद्यार्थ्याने विचारले असते, तर उत्तर देता आले नसते.

उत्तर चिनी विद्यार्थ्यांच्या अडचणी समजून घेताना सापडले. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली आणि कालांतराने कंदील आमच्या डोळ्यांपुढे हलू लागला. सरकारी कागदपत्रे आली आणि त्यांची लाल फीतही आली. वस्तू आली, तिच्याबरोबर तिचा रंग आला आणि त्याचा वाक्प्रचार रुजला. मत्सराबरोबर हिरवी अशी कोणतीच वस्तू आली नाही, म्हणून तो हिरवा उपराच राहिला. अर्थात साम्य दिसले की उसनवारी मानावी असेही नाही. 'पांढरपेशा' हा काही इंग्रजी व्हाइट कॉलरचा अनुवाद नव्हे.

यावरून अध्यापनाची दिशा स्पष्ट होते. उपसर्ग कुळांनी शिकवावेत, आकारशब्द व्याकरणाच्या सीमेवर उभे राहून शिकवावेत आणि रंग वस्तू व प्रसंग यांच्यासह शिकवावेत. बीजिंगमधील इंग्रजीच्या वर्गास हे जितके लागू आहे, तितकेच मराठी शिकू पाहणाऱ्या अमराठी विद्यार्थ्यांच्या वर्गासही. 'हिरवट' म्हणजे किंचित हिरवा, एवढेच ज्याच्या यादीत आहे, तो विद्यार्थी उद्या एखाद्या सज्जन वृद्धाच्या सदऱ्याऐवजी त्या वृद्धासच हिरवट म्हणेल. त्या वेळी रेघ त्याच्या वाक्याखाली मारावयाची की आपल्या यादीखाली, हे अध्यापकाने आधीच ठरवावयास हवे.